सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीला बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

येवल्याच्या घोषणेला सव्वादोन वर्षे झाली होती. बाबासाहेब कोणता धर्म स्वीकारणार, याकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते. अशा वेळी, जानेवारी १९३८ च्या आरंभी, सोलापुरात रेव्ह. गंगाधर जाधव यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती समाजाची सभा झाली आणि तिच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. या भाषणाचा वृत्तांत पुढच्याच महिन्यात 'जनता' पत्रात आला. जगातील धर्मसंस्थापकांपैकी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचाच विचार आपल्या मनात आहे, असे ते त्या सभेत म्हणाले. ख्रिस्ती बांधव हे वाक्य आजही अभिमानाने सांगतात. पण ते तिथेच थांबतात. त्या भाषणाचा उरलेला भाग त्यांना अडचणीचा वाटतो आणि आपल्या चळवळीला तो ठाऊकच नसतो. आज अनुसूचित जातींच्या यादीतील धर्माच्या अटीवर आयोग बसतात, न्यायालये निकाल देतात, तेव्हा तो उरलेला भागच काढून वाचण्याची गरज आहे.

सोलापूरची ही मंडळी कोणाची, हे आधी समजून घेतले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरात पाय रोवले. सोलापुरात त्यांचे ठाणे १८६२ मध्ये उघडले. रेव्ह. चार्ल्स हार्डिंग हे तिथले सुरुवातीचे मिशनरी. पुढे १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, शतकाच्या अखेरीस पुन्हा दुष्काळाचा घाला आला. गावकुसाबाहेरची माणसे पोटासाठी शहराकडे आली. त्यातली काही गिरणीत गेली, काही मिशनच्या दारात गेली. या मंडळीत कोणी मोठमोठ्या वाड्यांतले लोक आले नाहीत. आले ते प्रामुख्याने महार आणि मांग. आडनावे तीच राहिली, सोयरेही तेच राहिले. खेड्यात बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे घर महारवाड्यातच राहिले आणि गावाच्या पाणवठ्यावर त्याला येशूच्या नावाने कोणी घागर भरू दिली नाही.

ही माणसे पैशाला, धान्याला भुलली, असे मनुवादी मंडळी दीडशे वर्षे सांगत आली आहेत. ज्या धर्माने माणसाला पाण्याचा थेंब आणि पाटीवरचे अक्षर नाकारले, त्याच्या ठेकेदारांनी दुसऱ्यावर आमिषाचा आरोप करावा, हा निर्लज्जपणा आहे. मिशनने शाळा उघडली, वसतिगृह उघडले, आजाऱ्याला हात लावला. सावित्रीमाई फुल्यांच्या शिक्षिकापणाची पहिली तयारी अहमदनगरला याच मिशनच्या मिस सिंथिया फेरार यांच्याकडे झाली, हा इतिहास आहे. जोतिरावांनी या शाळेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते. तेव्हा मिशनचे जे देणे आहे, ते चळवळीने हात आखडता न घेता मान्य करावे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सोलापुरात गुन्हेगार जमाती कायद्याखाली काटेरी तारांच्या आत कोंडलेल्या लोकांची 'सेटलमेंट' होती. तिची व्यवस्था काही काळ याच मिशनकडे होती. तारेच्या आत मिशनने शाळा चालवली, हाताला काम दिले. परंतु जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणाऱ्या त्या तारेविरुद्ध लढा उभारणे हे मिशनने आपले काम मानले नाही. हा कायदा जायला १९५२ चा ऑगस्ट उजाडावा लागला. दया आणि हक्क यांत जे अंतर आहे, ते या एका उदाहरणात दिसते. दया करणारा तारेच्या आत भाकरी नेऊन देतो. हक्क मागणारा तारच तोडायला सांगतो.

याच सोलापुरात ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळले आणि सोलापूर नगरपालिकेकडून त्याला दरमहा ४० रुपयांचे अनुदान मिळवले गेले. ४० रुपये ही रक्कम लहान वाटेल. पण ते सार्वजनिक तिजोरीतले पैसे होते आणि ते आपल्या माणसांनी हक्काने मागून घेतले होते. मिशनच्या बोर्डिंगातला मुलगा आणि सभेच्या बोर्डिंगातला मुलगा एकाच वस्तीतून आलेले, कित्येकदा एकाच भावकीतले. एकाचा खर्च परदेशातल्या देणगीदाराच्या भूतदयेवर चाले. दुसऱ्याचा खर्च कोणाच्या जोरावर चालायचा, हे त्याच्या समाजाने ठरवायचे होते.

१९३८ च्या भाषणाचा उरलेला भाग नेमका इथे येतो. बाबासाहेबांनी सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांना तोंडावर सांगितले, की तुमचा समाज आमच्याहून शिकलेला आहे, तुमच्यात मॅट्रिक झालेली मुले-मुली शेकड्यांनी आहेत, पण अन्यायाविरुद्ध चळवळ कोणी करत नाही. मुलगी परिचारिका झाली, मुलगा मास्तर झाला, की तो आपल्या संसारात रमतो. अस्पृश्याला ख्रिस्ती केले म्हणजे कर्तव्य संपले असे मिशनऱ्यांना वाटते, त्याच्या राजकीय हक्कांकडे ते पाहत नाहीत. महाराच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते, तोच मुलगा ख्रिस्ती झाला की ती बंद होते. आम्ही अडाणी असूनही चळवळ करतो, म्हणून विधिमंडळात आमच्या १५ जागा आहेत. राजकारणाच्या आधाराशिवाय कोणतीही संस्था टिकणे कठीण, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कोणता पाहुणा यजमानाला त्याच्याच घरात असे बोलेल? पण बाबासाहेब तिथे पाहुणचार घ्यायला गेले नव्हते. ते आपल्याच माणसांशी बोलत होते.

शिष्यवृत्ती बंद होण्यामागचे कारण कायद्यात होते. १९३६ च्या अनुसूचित जाती आदेशाने भारतीय ख्रिश्चनाला अनुसूचित जातीचा मानू नये, असे लिहून ठेवले होते. त्याच आदेशाने बंगालपुरते बौद्धांनाही वगळले होते. तेव्हा या अटीला निदान एक सबब तरी होती. १९३५ च्या कायद्याने ख्रिश्चनांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते आणि मुंबई इलाख्याच्या विधानसभेत त्यांच्या ३ जागा होत्या. एका माणसाला दोन पंगतींत बसता येणार नाही, असे म्हणता येत होते. पुढे काय झाले? मे १९४९ मध्ये संविधान सभेत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द झाल्या. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते आणि त्यांचा याला पाठिंबा होता. म्हणजे ख्रिश्चनांची वेगळी पंगत उठली. मग वगळण्याची अटही उठायला हवी होती. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आला आणि हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा कोणीही अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, असे ठरले. सबब गेली, शिक्षा मात्र राहिली. या निर्णयाच्या वेळी खेड्यातल्या महार-मांग ख्रिश्चनाच्या बाजूने उठून बोलणारा पुढारी कुठे होता? सोलापुरात बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न तेरा वर्षांच्या आतच खरा ठरला.

आणि आता आपल्या चळवळीने स्वतःकडे पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्याच तिसऱ्या परिच्छेदाचा वरवंटा आपल्यावर फिरला. सोलापूरच्या मंडळीतल्या मुलाची शिष्यवृत्ती जशी बंद झाली होती, तशी केंद्राच्या सवलतींची दारे नवदीक्षित बौद्धाला बंद झाली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्यापुरत्या सवलती मिळाल्या, पण केंद्रात शिखांना १९५६ साली दिलेला न्याय बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडावे लागले. ती ३४ वर्षे आपण काय म्हणत होतो? धर्म बदलला म्हणून गावाने आमच्याकडे पाहण्याची नजर बदलली नाही, पाटलाने विहीर मोकळी केली नाही, जात आम्ही सोडली तरी जातवाल्यांनी आम्हाला सोडले नाही, असे आपण म्हणत होतो. हे म्हणणे बौद्धाच्या तोंडी खरे आणि ख्रिश्चनाच्या तोंडी खोटे कसे ठरेल?

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली हा तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. कोणत्याही सरकारने ती अमलात आणली नाही. २०२२ साली केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढ दिली गेली. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, श्रद्धेने ख्रिस्ती असून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणे ही संविधानाशी प्रतारणा आहे, असा निकाल दिला. न्यायालयाने समोरच्या कायद्याप्रमाणे निकाल दिला असेल. पण माणसाला रविवारी एक आणि तहसील कचेरीत दुसरे बोलायला भाग पाडतो, तो कायदाच प्रतारणा करतो, असे आम्ही म्हणतो. एका आजोबाची दोन नातवंडे डोळ्यांपुढे आणा. एकाचा बाप बौद्ध, दुसऱ्याचा ख्रिस्ती. एकाच गावात एकाच रात्री दोघांना जातीच्या नावाने शिवीगाळ आणि मारहाण झाली, तर पहिल्याच्या तक्रारीवर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, दुसऱ्याच्या तक्रारीवर होत नाही. मारणाऱ्याने दोघांचीही एकच जात पाहिली. कायद्याने मात्र धर्म विचारला.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, की यांना यादीत घेतले तर आपल्या वाट्याला कात्री लागेल. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. जागा आटत आहेत, खाजगीकरणाने आरक्षणाची मुळे खणली आहेत. पण भाकर लहान झाली म्हणून भावाला पंगतीतून उठवणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. लोकसंख्या वाढेल त्या प्रमाणात टक्केवारी वाढवून मागणे, हा सरळ मार्ग आहे आणि ती मागणी दोघांनी मिळून केली तर तिला बळ येईल. शिवाय अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या संरक्षणात कोणाचीही जागा जात नाही. निदान तेवढ्या मागणीला तरी चळवळीने आजच उघड पाठिंबा द्यावा.

ख्रिस्ती बांधवांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. १९७० साली उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी. एन. आय., स्थापन झाली आणि मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या तिच्यात आल्या. गोरे साहेब केव्हाच गेले. आता सगळी सूत्रे आपल्याच माणसांच्या हातात आहेत. मग मिशनच्या जमिनी आणि विश्वस्तपदे यांच्या वादांत जेवढी शक्ती खर्च होते, तिच्या निम्मी तरी तिसऱ्या परिच्छेदाविरुद्ध का खर्च होत नाही? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्या मंडळीचा फलक का दिसत नाही? आपले आजोबा कोणत्या वाड्यातून आले, हे सांगायला संकोच का वाटतो? जात लपवून जात जात नाही. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावर पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. धर्म बदलणे हा ज्यांना पोलिसांचा विषय वाटतो, त्यांच्या लेखी दीक्षाभूमी आणि प्रार्थनागृह यांत फारसा फरक नाही, हे दोघांनीही ओळखावे.

सोलापूरच्या त्या सभेला येत्या काही वर्षांत शंभर वर्षे पुरी होतील. बाबासाहेबांनी अखेर बुद्धाचा मार्ग स्वीकारला. ख्रिस्ताच्या मंडळीत गेलेल्या आपल्या माणसांना मात्र त्यांनी परके मानले नाही. ते त्यांच्या सभेत गेले आणि त्यांना खडे बोल सुनावून लढायला सांगून आले. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपण त्यांच्या सभेला कधी जाणार?