शेत कोणाचे, ससा कोणाचा?

पोर्ट लुईस शहरात सर जॉन पोप हेनेसी यांच्या नावाचा रस्ता आहे. कचेरीच्या कामासाठी त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्या मराठी बांधवांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, १८८३ ते १८८९ या काळात मॉरिशसचे गव्हर्नर असलेले हे गृहस्थ इंग्रज नव्हते. ते आयर्लंडमधील कॉर्क शहराचे. ज्यांच्याशी त्यांचा उघड बेबनाव झाला ते दुय्यम अधिकारी क्लिफर्ड लॉइड हेही आयर्लंडमधूनच नावारूपाला आलेले होते. तेथे दंडाधिकारी असताना कुळांची चळवळ मोडून काढण्याच्या कामी त्यांनी बराच लौकिक, किंवा कुलौकिक, मिळविला होता. म्हणजे मॉरिशसच्या मळ्यांत करारबद्ध मजूर ऊस तोडीत होते त्याच सुमारास आयर्लंडमध्ये जमीनदार आणि कूळ यांचा झगडा ऐन भरात आला होता, आणि त्या झगड्याची माणसे या बेटावर येऊन राज्यकारभार पाहत होती. कूळ आणि करारबद्ध मजूर यांची स्थिती एक नव्हे हे खरे. तथापि कोकणातील खोताचा जाच ज्यांच्या पणज्यांनी सोसला, त्यांना आयरिश कुळाची कहाणी परकी वाटण्याचे कारण नाही. त्या कहाणीतील एक लहानसा, पण मोठा बोलका भाग सशाविषयी आहे.

मराठीत ससा हा एकच शब्द आहे. आयर्लंडमध्ये मात्र दोन निरनिराळे प्राणी आहेत. एक उघड्या माळावर राहणारा, लांब कानांचा व लांब तंगड्यांचा रानससा. तो त्या भूमीचा मूळचा रहिवासी. दुसरा जमिनीत बिळे करून टोळीने राहणारा ससा. तो बाहेरून आणलेला. बाराव्या शतकात नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले आणि मांसासाठी व कातड्यासाठी त्यांनी हे बिळातले ससे सोबत आणले. त्यांच्यासाठी राखीव जागा केल्या, त्यांवर राखणदार नेमले. वॉटरफर्ड परगण्यात डनगार्व्हनजवळ समुद्रात शिरलेल्या वाळूच्या दांड्याला आजही ‘कनिंगर’ म्हणतात; त्या नावाचा अर्थच सशांची राखण असा आहे. सारांश, आज ज्याला शेताचा शत्रू म्हणतात तो प्राणी एके काळी धन्याचे राखलेले धन होता. कुंपणच शेत खाते ही म्हण तिकडे अक्षरशः खरी ठरली: बिळे कुंपणाच्या बांधात, कुंपण धन्याचे, आणि खाल्ले जाणारे पीक कुळाचे.

ससा शेत कसा खातो हे ज्याने पाहिले नसेल त्याला यातील तिढा कळणार नाही. तो बिळापासून फार दूर जात नाही. संध्याकाळी बाहेर येऊन बांधालगतचे कोवळे जव किंवा गवत तो मुळापर्यंत कुरतडतो. त्यामुळे बांधाच्या कडेने कोयत्याच्या आकाराचा उजाड पट्टा पडतो आणि आठवड्या-आठवड्याने तो आत सरकत जातो. मादी साधारण एका महिन्यात विते आणि लगेच पुन्हा गाभण राहते. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत हे चक्र चालते. आठ-दहा ससे एका मेंढीइतके गवत खातात असा तिकडील शेतकऱ्यांचा जुना हिशेब आहे. आता ज्याचे वर्षाचे अन्न त्या पट्ट्यात आहे, त्याने तो ससा मारावयाचा नाही, कारण भाडेपट्ट्यात शिकारीचा हक्क मालकाने स्वतःकडे राखला आहे, ही स्थिती कशी वाटेल? खंड मात्र साऱ्या शेताचा भरावयाचा. उजाड पट्ट्याची सूट नाही.

१८८० मध्ये ग्लॅडस्टन यांच्या सरकारने ग्राउंड गेम ॲक्ट नावाचा कायदा केला. कायदा छोटा, पण त्यातील एक कलम असे आहे की ज्याने ते लिहिले त्याच्या शहाणपणाला दाद द्यावी. जमीन ज्याच्या प्रत्यक्ष वहिवाटीत आहे त्याला तिच्यावरील दोन्ही जातींचे ससे मारण्याचा हक्क मिळाला, आणि तो हक्क वहिवाटीपासून अलग करता येणार नाही असे ठरले. कुळाने स्वतः सही करून तो सोडून दिला तरी तो करार रद्दबातल! दुर्बळाकडून सही घेणे किती सोपे असते हे करारावर अंगठा उठवून जहाजात चढलेल्यांच्या वंशजांना निराळे सांगावयास नको. त्यांच्या पूर्वजांच्या वाट्याला असे कलम कधी आले नाही.

त्याच कायद्याने हक्काबरोबर बंधनेही घातली, आणि याचा विसर पडता कामा नये. विष घालावयाचे नाही. रात्री बंदूक चालवावयाची नाही. उघड्यावर सापळे लावावयाचे नाहीत. ते बिळाच्या तोंडातच लावावेत. बंदूक वहिवाटदाराने स्वतः किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या एकाच माणसाने वापरावी. ज्याचे पीक त्यानेच, दिवसाउजेडी, आपल्या हाताने मारावे, असा त्या बंधनांचा एकूण रोख दिसतो. जमीनदारांना आपली शिकार राखावयाची होती म्हणून ही बंधने आली, असे कोणी म्हणेल. असेलही. हेतू क्षुद्र असला म्हणून नियम वाईट ठरत नाही.

येथे अहिंसेचा प्रश्न उपस्थित होईल आणि तो व्हावयासही हवा. परंतु ज्याच्या घरी धान्य दुकानातून येते त्याने, शेतात गोफण घेऊन उभे राहणाऱ्याला पापपुण्य शिकविणे शोभत नाही. शेतकऱ्याने केलेली राखण ही शिकार नव्हे, ते शेतीतीलच एक काम आहे. आयर्लंडमध्ये गरिबांनी हे काम अन्नासाठीही केले. केरीच्या किनाऱ्यापलीकडील ग्रेट ब्लॅस्केट बेटावरील कोळी-शेतकरी कुत्री घेऊन सशांच्या मागे जात आणि ते मांस घरी शिजवीत. १९५३ मध्ये ते बेट रिकामे करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मांसाचा तुटवडा पडला तेव्हा आयर्लंडमधून सशांची मोठी निर्यात झाली आणि कित्येक शेतमजुरांच्या व शाळकरी मुलांच्या हाती त्यातून चार पैसे आले.

तथापि आजच्या उन्हाळी शिकारीबद्दल इतके गोड बोलता येत नाही. जून महिन्यात तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. अशा संध्याकाळी शेतमालकाची परवानगी आणि पोलिसांकडून मिळालेला बंदुकीचा परवाना घेऊन, पॉइंट बावीस बोअरची बंदूक खांद्याला लावून, शहरातील हौशी मंडळी बांधाआड बसतात. १९७६ च्या वन्यजीव कायद्याने रानसशाला संरक्षण दिले आणि त्याच्या शिकारीला ठराविक महिने नेमून दिले. बिळातल्या सशाला मात्र वर्षाचे बाराही महिने मोकळे ठेवले. शेतकरी त्यांना चहा देतो, त्यांचे आभार मानतो. पण त्याच्या पिकाला यातून किती लाभ होतो? उन्हाळ्यात मारलेल्या सशांची जागा नवी पिल्ले पाहता पाहता भरून काढतात. मारलेली मादी दूध पाजणारी असेल तर तिची आंधळी पिल्ले बिळात उपाशी मरतात, आणि ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ज्याला खरोखर पीक वाचवावयाचे आहे त्याने हे काम हिवाळ्यात, वीण सुरू होण्यापूर्वी करावे: बिळात फेरेट नावाचा मुंगसासारखा पाळीव प्राणी सोडून, तोंडावर जाळी लावून. त्याहूनही चांगले म्हणजे कमरेएवढ्या उंचीची बारीक तारेची जाळी शेताभोवती लावावी आणि तिची खालची कड वीतभर बाहेरच्या बाजूला मुडपून मातीखाली घ्यावी, म्हणजे ससा उकरू लागला की जाळीवरच येतो. हे काम कष्टाचे आणि खर्चाचे आहे. त्यात गंमत मुळीच नाही. उन्हाळ्यातील संध्याकाळची बंदूक लोकप्रिय असण्याचे कारण हेच असावे.

परंतु हौशी बंदूकवाल्याचा दोष एका फ्रेंच डॉक्टरच्या दोषापुढे अगदी किरकोळ आहे. जून १९५२ मध्ये डॉ. आर्मां-दलील या विद्वान गृहस्थांनी मेयब्वा येथील आपल्या भिंतबंद इस्टेटीवर दोन सशांना मिक्सोमॅटोसिस रोगाचे विषाणू टोचून सोडून दिले. ससे आपल्या भिंतीआड मरतील अशी त्यांची कल्पना. रोगाने भिंत जुमानली नाही. १९५३ मध्ये तो ब्रिटनमध्ये होता आणि १९५४ मध्ये आयर्लंडमध्ये. पिसवांनी तो बिळाबिळांत नेला. सशाचे डोळे सुजून बंद होत, डोके फुगे. आंधळा आणि बहिरा झालेला तो प्राणी रस्त्याच्या मधोमध बसून राही आणि दहा-बारा दिवसांनी मरे. ब्रिटनमधील शंभरातील नव्याण्णव ससे अवघ्या काही वर्षांत नाहीसे झाले. तेथील काही शेतकऱ्यांनी आजारी ससे पोत्यात घालून आपल्या शेतावर नेले. शेवटी १९५४ मध्ये कायदा करून रोग जाणूनबुजून पसरविणे हा गुन्हा ठरवावा लागला. डॉक्टरसाहेबांना फ्रान्समध्ये किरकोळ दंड झाला. त्यानंतर, १९५६ मध्ये, त्यांना सुवर्णपदक देण्यात आले: एका बाजूला त्यांची मुद्रा, दुसऱ्या बाजूला मेलेला ससा.

पीक वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आयर्लंडमधील सशावर पोट भरणाऱ्या फासेपारध्यांचा धंदा बुडाला, आणि सुजलेल्या डोळ्यांचा तो प्राणी एकदा पाहिल्यावर पुष्कळांनी सशाचे मांस पुन्हा तोंडात घेतले नाही. काही वर्षांनी रोगाचा जोर ओसरला, सशांच्या अंगी प्रतिकारशक्ती आली, आणि ससे परत आले. २०१९ मध्ये आणखी एक रोग, २०१० मध्ये फ्रान्समध्ये प्रथम आढळलेला सशांच्या रक्तस्रावी ज्वराचा नवा प्रकार, आयर्लंडच्या रानांत पोचला. तो बिळातल्या सशापुरता थांबला नाही. त्या भूमीचा मूळ रहिवासी जो रानससा, त्यालाही त्याने धरले. हा कोणी मुद्दाम आणला असे नाही. परंतु रोग ओळखीचा दाखला पाहून दारात शिरत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट झाले. बंदुकीवाल्याला निदान कोणता ससा मारावयाचा ते दिसते.

विषाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती मॉरिशसचीच आहे. उत्तरेकडील राउंड आयलंडवर माणसांनी सोडलेल्या बकऱ्यांनी व सशांनी जमीन उघडी केली. जगात इतरत्र कोठेही न आढळणारे ताडवृक्ष आणि सरपटणारे प्राणी नाहीसे होऊ लागले. तेथील बिळात राहणारा एक बिनविषारी साप १९७५ नंतर कोणाला दिसलेला नाही. बकऱ्या आधी संपविण्यात आल्या. ससे १९८६ मध्ये विष घालून शेवटच्या एकापर्यंत मारले गेले आणि बेट पुन्हा हिरवे होऊ लागले. तेथे विष योग्यच होते. बेट लहान, शेत कोणाचेच नाही, शेजारी समुद्र. आयर्लंडमध्ये यांपैकी एकही गोष्ट नाही. आठशे वर्षे मुरलेला ससा तेथून निघणार नाही, आणि तो निघेल असे समजून केलेला उपाय दर पिढीला नव्याने करावा लागेल.

मॉरिशसमधील छोट्या बागाइतदाराचा प्रश्न याहून अवघड आहे. धनिकांच्या शिकारीसाठी राखलेली हरणांची राने आजही आहेत, सरकारी जमिनीही त्यासाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत, आणि शेजारच्या वाडीत भाजी लावणाऱ्याला १८८० च्या आयरिश कुळाची आठवण व्हावी असे प्रसंग येतात. हरीण डचांनी आणलेले. त्याच्या बाबतीत वाडीवाल्याची बाजू घेण्यात कोणाला संकोच नसावा. पण लिची आणि आंबा खाणारे मोठे वटवाघूळ आणलेले नाही. ते या बेटांचेच आहे. २०१५, २०१६ आणि २०१८ मध्ये सरकारने बंदूकधारी पाठवून हजारो वटवाघळे मारली. फळबागवाल्यांनी त्याचे स्वागत केले, आणि ज्याची वर्षाची कमाई दोन झाडांवर लटकत असते त्याचा राग समजण्यासारखा आहे. परंतु येथे मारणारा सरकारचा माणूस होता, पीक दुसऱ्याचे होते, आणि ज्याला मारले त्याला सशासारखी महिन्या-महिन्याला पिल्ले होत नाहीत. वटवाघळाच्या मादीला वर्षातून एकच पिल्लू होते. २०१८ मध्ये या जातीची गणना जगातील धोक्यात आलेल्या प्राण्यांत करण्यात आली. लिचीच्या झाडावर जाळी घालता येते. सरकारने जाळ्यांसाठी अनुदानही दिले आहे. परसातील उंच जुन्या झाडावर ती चढविणे त्रासाचे असते, दोन-तीन माणसे आणि लांब शिडी लागते, आणि वादळी वाऱ्यात ती फाटते. आयर्लंडमधील शेतकऱ्यालाही आपली जाळी वीतभर मातीखाली पुरावी लागते.