इटलीची गाडी: आधी नाव, मग नदी, मग वाइन

या वेळचा प्रश्न आपल्या जयनगरातूनच आला आहे, आठव्या ब्लॉकमधून. काकू लिहितात: "पुढच्या वर्षी आम्ही पाचजण इटलीला जाणार आहोत, चौदा दिवस, भाड्याची गाडी घेऊन. मुलाला आणि सुनेला वाइनचे मळे बघायचेत. ह्यांना युद्धाची ठिकाणं बघायची आहेत, कारण ह्यांचे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते आणि इटलीतून परत आले नाहीत. नात बारा वर्षांची आहे. दोन्ही गोष्टी एका सहलीत बसतील का?"

काकू, बसतील. आणि त्यासाठी ओढाताणही करावी लागणार नाही. इटलीचा नकाशा उघडला की कारण लक्षात येतं. देशाच्या मधोमध अपेनाइन्स डोंगरांचा कणा आहे आणि त्यातून दोन्ही समुद्रांकडे नद्या उतरतात. १९४३ ते १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने प्रत्येक नदी आणि प्रत्येक टेकडी अडवून धरली. द्राक्षंही त्याच उतारांवर पिकतात. म्हणून जिथे लढाई झाली, तिथून मळा फार लांब नसतो.

या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक होते. त्यांतले ५,७०० हून अधिक तिथेच राहिले. इटलीत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले आणि त्यांतले दोन मराठा पलटणीचे होते.

पहिलं काम घरबसल्या

तिकिटं काढण्याआधी आजोबांचं नाव शोधा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नावांचा शोध मोफत घेता येतो. पलटणीचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने लिहा: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आडनावाची तीन-चार स्पेलिंगं करून बघा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं किंवा पत्नीचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. मात्र जिल्हे जुने आहेत, रायगड तिथे 'कुलाबा' म्हणून सापडेल. घरात जुनं पेन्शन बुक, पदक किंवा तार असेल तर त्यावरचा शिपाई क्रमांक सगळ्यात उपयोगी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावात आहे, तिथे पत्र लिहून विचारायलाही हरकत नाही.

हे आधी का करायचं, तर हिंदू जवानांचं तिथे दहन झालं. त्यांची थडगी नाहीत, दगडावर कोरलेली नावं आहेत. कुठल्या स्मारकावर कुठलं नाव, हे माहीत नसेल तर हजारो नावांसमोर उभं राहून रिकाम्या हातांनी परत यावं लागतं. मृत्यूची तारीख मिळाली तर ठिकाणाचा अंदाजही येतो. १९४३ चा नोव्हेंबर-डिसेंबर असेल तर साधारण सांग्रो नदी, १९४४ चा मे असेल तर कसिनो, जुलै असेल तर टायबरचं खोरं, १९४५ चा एप्रिल असेल तर सेनियो.

मग नद्यांचा मार्ग

रोमला उतरा आणि बोलोन्याहून परत निघा. गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचे जादा पैसे पडतात, पण दोन दिवस वाचतात.

कसिनो (२ दिवस): रोमपासून सुमारे १३० किलोमीटर. डोंगरावरचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ ला बॉम्बफेकीत जमीनदोस्त झाला होता, तो पुन्हा बांधला आहे. खाली युद्ध-दफनभूमी आहे. तिथल्या स्मारकावरच्या चार हजारांहून अधिक नावांत नाईक यशवंत घाडगे यांचंही नाव आहे. जवळच्या मिन्यानोला २४ फेब्रुवारी १९४४ रोजी मद्रास सॅपर्सचे सुभेदार सुब्रमण्यम यांनी सोबत्यांना वाचवण्यासाठी फुटणाऱ्या सुरुंगावर अंग टाकलं. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. हे सॅपर्स म्हणजे आपल्या अलसूर तळ्याजवळची पलटण, नातीला आधी तिथून एक चक्कर मारून आणा.

सांग्रो (३ दिवस): डोंगर ओलांडून एड्रियाटिक किनाऱ्याला या. दफनभूमी तोरिनो दी सांग्रो गावाजवळ आहे. दहन झालेल्या ५०० हून अधिक भारतीय जवानांची नावं इथल्या स्मारकावर आहेत. जीपीएसमध्ये गावाचं नाव पूर्ण घाला. नुसतं 'तोरिनो' घातलंत तर गाडी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या तुरीन शहराकडे निघेल. इथली वाइन मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो. त्याच नावाचं गाव टस्कनीत आहे, त्याचा या द्राक्षाशी संबंध नाही.

टायबर (३ दिवस): उंब्रियात मोन्तेफाल्कोची साग्रान्तीनो प्रसिद्ध आहे, गडद आणि तुरट. पेरुजाच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर मोन्तोने हे टेकडीवरचं गाव. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे इथल्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला लढले. तुकडीतले इतर सगळे पडल्यावर ते एकटे मशिनगनवर धावून गेले, काडतुसं संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी मारले गेले. वय २२. मोन्तोनेत २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ बसवलं आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे.

टस्कनी (३ दिवस): इथे मुलगा आणि सून खूश. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला कियांतीच्या मळ्यांत मोन्तेगुफोनी नावाचा वाडा आहे. युद्धात फ्लॉरेन्सची चित्रं इथे आणून लपवली होती, बोत्तिचेल्लीचं जगप्रसिद्ध 'प्रिमावेरा' त्यांत होतं. १९४४ च्या उन्हाळ्यात आघाडी इथे पोचली तेव्हा या चित्रांवर पहारा दिला तो मराठा जवानांनी. तेच चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे. नातीला ही गोष्ट सांगून मग चित्रासमोर उभं करा.

सेनियो (२ दिवस): रोमान्याचा सपाट मुलूख, सांजोव्हेसे वाइन आणि नदीचे उंच मातीचे बांध. संगमनेरजवळच्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांनी भरलेल्या बांधावरून सुरक्षित नेलं. मग एकट्याने मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत पलटणीला पुढे बोलावलं. ते जिवंत परतले. फोर्लीच्या भारतीय दफनभूमीतही दहन झालेल्यांचं स्मारक आहे. तिथून बोलोन्या सुमारे ७० किलोमीटर.

एक दिवस हातचा ठेवा.

गाडी आणि ग्लास

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून निघतो, आपला भारतीय परवानाही सोबत हवा. गाडी घेताना क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा. जुन्या गावांच्या मध्यभागी 'झेडटीएल' पाटी दिसली की गाडी आत घालू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर घरी येतो.

इटलीत चालकाच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल चालतं. परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. तेव्हा सोपा नियम करा: ज्या दिवशी मळा, त्या दिवशी गाडी बंद. 'आग्रितुरिस्मो' म्हणजे शेतावरचं मुक्कामघर. अनेक ठिकाणी वाइन तिथलीच असते, चव घ्यायची आणि पायीच खोलीवर जायचं. जे वाइन घेत नाहीत त्यांच्यासाठी ऑलिव्ह तेल आणि चीज आहेच. मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. १५ ऑगस्टच्या आसपास नको, अर्धी इटली सुट्टीवर असते.

आणि काकू, आजोबांचं नाव स्मारकावर सापडलं की त्याचा फोटो काढून गावाकडच्या भाऊबंदांना लगेच पाठवा. ऐंशी वर्षांत त्या घरातलं कोणी तिथवर पोचलेलं नाही. तुम्ही पाचजण पहिले असाल.