वैशाखाचे ऊन आणि मावशींचा चेहरा

या स्मरणिकेसाठी विद्यालयाच्या जुन्या छायाचित्रांचे गठ्ठे आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत उघडले. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आयुष्य वेचलेल्या एका मावशींच्या नातवाने, तो आमचाच माजी विद्यार्थी, स्मृतिपानासाठी आजीचा फोटो मागितला होता. शोधून एकच सापडला. बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानानंतर, भर बारा वाजता, ध्वजस्तंभापाशी काढलेला. मावशींच्या डोईवर पदर, आणि माथ्यावरच्या सूर्याने त्या पदराची सावली थेट हनुवटीपर्यंत उतरवलेली. नातवाने आजी ओळखली ती लुगड्याच्या काठावरून.

ते छायाचित्र आम्हीच काढले होते. पंगती उठल्या आहेत, माणसे पांगण्यापूर्वी उरकून घ्यावे, एवढाच विचार त्या वेळी मनात होता.

इतिहासाच्या शिक्षकाने भूगोलात शिरणे सहकाऱ्यांना रुचत नाही, तरी येथे शिरणे भाग आहे. २१ जून हा वर्षातील सर्वांत मोठा दिवस, हे प्रत्येक विद्यार्थी पाठ म्हणतो. उत्तर युरोपात त्या सुमारास सूर्य माथ्यावर येतच नाही. संध्याकाळचा तिरपा, मऊ प्रकाश तासन्‌तास रेंगाळतो. आपला भर उन्हाळा निराळा. महाराष्ट्रात सूर्य नेमका डोक्यावर येतो तो मे महिन्यात : मुंबईत १५ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेच्या सुमारास. त्या मध्यान्ही उभ्या काठीची सावली पायाशीच विरते. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि पदराआड ती साचून राहते. उलट २१ जूनला आपल्याकडे बहुधा मृगाचे ढग असतात. आभाळभर पांढरे धोतर ताणावे तसा प्रकाश गाळून येतो, आणि चेहरा, मग तो कोणत्याही वर्णाचा असो, स्वच्छ दिसतो. आमचे मेळावे वैशाखात भरतात, म्हणून ही जाण आम्हांला अधिक हवी होती.

मावशींचा फोटो तालुक्याच्या स्टुडिओत दिला. दुसऱ्या दिवशी संगणकाने ‘सुधारलेला’ चेहरा हाती आला : गोरापान, गुळगुळीत, सुरकुत्यांविना. नातू म्हणाला, “सर, ही माझी आजी नव्हे.” स्टुडिओवाल्याचा हेतू वाईट नव्हता. फोटो सुधारणे म्हणजे माणूस उजळ करणे, हे त्याच्या धंद्याने त्याला शिकवले. ही शिकवण जुनी आणि दूरवरची आहे. कोडॅक कंपनी छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी ‘शर्ली’ कार्डे पुरवी, त्यांवर अनेक दशके गोरी स्त्रीच असे. तिची कांती बरोबर उतरली की रंग बरोबर, असे मानले जाई. सावळ्या कातडीचा विचार फार उशिरा झाला. आज आमच्या विद्यार्थिनींच्या मोबाईलमधले ‘सौंदर्य’ नावाचे बटन तेच काम विनामूल्य करते. ज्या समाजाने आपला चेहरा ताठ मानेने मिरवण्याचा हक्क संघर्षाने मिळवला, त्याच्या मुलींनी तो चेहरा एका बोटाने पुसावा, हे आम्हांला खटकते. काही पालकांना आम्ही जुन्या वळणाचे वाटू, वाटू द्या.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही अजिंठ्याला गेलो होतो. तेथे फ्लॅशला मनाई आहे, कारण प्रखर प्रकाश भित्तिचित्रांच्या रंगांना घातक ठरतो. बाहेर डोळे दिपवणारे ऊन, आत काळोख. पहिल्या लेण्यात शिरताच मुलांनी मोबाईल उंचावले, काही येईना म्हणून कुरकुरली, आणि निम्मी परत फिरली. उरलेल्यांना आम्ही नुसते उभे राहायला सांगितले. काही मिनिटांत डोळे सरावले आणि भिंत हळूहळू उमलली : सावळ्या, काळ्या, गव्हाळ वर्णांच्या व्यक्ती, साऱ्याच डौलदार. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी काळ्या वर्णाला झाकले नव्हते. एक मुलगी हळूच म्हणाली, “ही माझ्या मावशीसारखी दिसते.” तिने फोटो काढलाच नाही.

याच लेण्यांत रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षे नकला रंगवीत बसला. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. १९९१ च्या सुमारास बेनॉय बहल यांनी अत्यंत मंद प्रकाशात, कॅमेऱ्याचा पडदा दीर्घकाळ उघडा ठेवून ती चित्रे टिपली. दोघांचे साधन वेगळे, थांबणे सारखेच. अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृती म्हणजे केवळ गतकाळाची आठवण नव्हे, समोर जे आहे त्याचे भान. हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आणि ध्वजस्तंभापाशी कॅमेरा हाती असताना विसरलो.

मावशींचे ते छायाचित्र आतील पानावर, आहे तसेच, काळोखासह छापले आहे. खाली त्यांचे पूर्ण नाव आहे. हजेरीपटाखेरीज ते विद्यालयात कोठे लिहिलेले आम्हांला आढळले नाही. यंदाच्या मेळाव्याचे समूहछायाचित्र सकाळी साडेसहाला, कडुनिंबाखाली, भोजनापूर्वी घ्यावे असे आम्ही समितीला सुचवले आहे. स्वयंपाकघरातील भगिनींना त्या वेळी चुलीवरून उठता येणार नाही, अशी अडचण एका सदस्यांनी काढली. मग चहा अर्धा तास उशिरा मिळेल, असे आम्ही उत्तर दिले. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.