विज्ञान कोणाच्या मक्त्याचे?

"आमच्या पोराचे डोके विज्ञानात चालत नाही," असे आमच्या नाकाडोंगरीच्या पारावर इतक्या सहज बोलतात, की जणू ते त्याच्या जन्मपत्रिकेतच लिहिले होते! बोलणारा बाप स्वतः काय करतो? दोन माणसांस न हलणारा धोंडा एकटा सब्बलीने उलथतो. टेकू धोंड्याजवळ ठेवावा, हात लांबच्या टोकाला धरावा, हे त्यास कोणी शिकविले? हीच ती तरफ. तिची व्याख्या चुकली म्हणून त्याचा मुलगा मठ्ठ, आणि सब्बल जन्मात न धरलेला घोकंपट्टू तेवढा हुशार! वाहवा रे न्याय!

मी मास्तर आहे, म्हणून आमच्या धंद्याचे वर्म सांगतो. आधी व्याख्या, मग सूत्र, आणि वस्तू कधीच नाही, अशी ही उलटी रीत आहे. प्रयोगशाळा नाही, ही नेहमीची सबब. अहो, डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आपल्याच तुमसर तालुक्यात ना? तिथला काळा दगड आणि शेतातला साधा दगड घ्या. घमेल्यात काठोकाठ भरलेली बादली ठेवून एकेक बुडवा, सांडलेले पाणी मोजा, दगड तोला. लिटरभर पाणी सांडविणारा साधा दगड पावणेतीन किलोच्या सुमारास भरेल. चांगले मँगनीज चार किलोंच्या घरात जाईल. घनता म्हणतात ती हीच. पोर ती जन्मात विसरणार नाही.

आकाशाचेही तेच. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर माध्यान्ही सूर्य आमच्या थेट डोक्यावर येतो आणि अंगणात सरळ रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्यासही येतो, पण तेव्हा बहुधा ढग आडवे. दिल्लीकरांस ही गंमत कधीच दिसत नाही. ते कर्कवृत्ताच्या पलीकडे राहतात. यास दुर्बीण नको की फी नको!

आता ग्रहणाकडे वळू. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यास इंग्रज ज्योतिर्विद समुद्र ओलांडून वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावास आले होते. आणि आम्ही? आजही गरोदर सुनेस दाराआड कोंडतो, विळ्यास हात लावू देत नाही. चंद्राची सावली पृथ्वीवरून सरकते, एवढेच काय ते! पोर हे शाळेत घोकते आणि घरी येऊन पाण्यात तुळशीपत्र टाकते. त्याने खरे कोणते मानावे?

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहू नका. पुठ्ठ्यास सुईने छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडा. ढग नसले, तर त्या दिवशी गावात कोणकोण दारे लावून घेतो, ते आम्ही पाहणार आहोत.