जीर्णोद्धार कोणत्या सालाचा?

टेबलटॉप रोलप्लेइंगच्या व्यवसायात जुन्या सेटिंगांचे पुनरुज्जीवन हा अलीकडे एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसला आहे. रेव्हनलॉफ्ट 2016 साली व पुन्हा 2021 साली, स्पेलजॅमर आणि ड्रॅगनलान्स 2022 साली, प्लेनस्केप 2023 साली नव्या पोशाखात बाजारात आले. आणि 2024 च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये ग्रेहॉकला नमुन्याचे जग म्हणून मानाचे पान मिळाले. अशा प्रत्येक प्रसंगी दोन पक्ष हटकून उभे राहतात. ज्यांच्या तरुणपणी ही जगे प्रथम छापली गेली, ते मूळ मजकुराच्या काना-मात्रेसही हात लावू देत नाहीत. आणि 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीवर वाढलेले खेळाडू, आपल्या जन्मापूर्वीचे हे ओझे आपण का वाहावे, असा रोकडा सवाल करतात. आमच्या मते हा कज्जा दिसतो तेवढा खोल नाही. दोन्ही पक्षांची मागणी मुळात एकच आहे, आणि ती ओळखण्यासाठी जुन्या ग्रंथांकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे.

1980 साली गॅरी गायगॅक्स यांनी 'वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक'चा जो फोलिओ प्रसिद्ध केला, तोच उदाहरणादाखल घ्यावा. 32 पानांची एक पुस्तिका आणि डार्लीन या चित्रकर्तीने रंगविलेले, एकमेकांस जोडले जाणारे दोन भव्य नकाशे, एवढाच त्याचा पसारा. प्रत्येक राज्याच्या नोंदीत राज्यकर्त्याचा किताब, राजधानी, लोकसंख्या, मानवेतर प्रजा आणि उत्पन्नाच्या बाबी असा जमाबंदीच्या दप्तरात शोभेल असा तपशील, व त्याखाली शेजाऱ्यांशी असलेल्या वैराची किंवा सरहद्दीवर धुमसणाऱ्या एखाद्या भानगडीची त्रोटक हकिकत. ती भानगड पुढे कोणत्या थरास जाईल, याविषयी मात्र चकार शब्द नाही. नकाशावरील एकेक षटकोनी हेक्स 30 मैलांचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे 2000 चौरस किलोमीटर, आपल्याकडील सरासरी आकाराचे दोन तालुके सहज मावतील एवढा. आणि असे कितीतरी हेक्स जंगलाच्या वा डोंगराच्या खुणेखेरीज सर्वस्वी मोकळे. ही मोकळी जागा डीएमच्या, म्हणजे खेळ चालविणाऱ्या डन्जन मास्टरच्या, वाट्याची होती. आणि तेथील कालगणनेचे 576 वे साल, युद्धाचे ढग जमले असताना, पुढचे साल ज्याच्या त्याच्या टेबलावर उजाडावे अशा बेताने थांबविलेले होते.

पुढे गायगॅक्स प्रकाशक कंपनीतून गेल्यावर 1991 च्या 'ग्रेहॉक वॉर्स'ने ती युद्धे एकदाची पेटवून दिली, आणि 1992 च्या 'फ्रॉम द ॲशेस' या संचाने घड्याळ 585 वर आणून ठेवले. या संचात कर्तृत्व नव्हते असे नाही. परंतु ज्या टेबलावर खेळाडूंनी जिवावर उदार होऊन एखादे राज्य वाचविले होते, तेथे ते राज्य बुडाल्याचा जणू छापील हुकूमच येऊन पडला. डार्क सनची कथा याहून बोलकी. ट्रॉय डेनिंग आणि टिमथी ब्राउन यांनी उभारलेले, ब्रॉम यांच्या चित्रांनी डोळ्यांपुढे साक्षात झालेले अथासचे ते होरपळलेले जग 1991 साली अवतरले, आणि त्याच साली पहिल्या कादंबरीत टायर नगरीचा जुलमी मांत्रिक-राजा कलक मारला गेला. 1995 ची सुधारित आवृत्ती येईतो आणखी काही मांत्रिक-राजे व खुद्द ड्रॅगनही कादंबऱ्यांतच पडले होते. ज्यांनी ते करावयाचे, ते खेळाडू प्रेक्षकांत बसले होते. 'ट्रॅव्हलर' या खेळातही तेच घडले: 1987 च्या 'मेगाट्रॅव्हलर'ने सम्राटाची हत्या घडवून यादवी माजविली, आणि 1993 च्या 'न्यू एरा'ने तर साम्राज्याची उरलीसुरली संस्कृतीही मोडीत काढली.

आता पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी काय केले ते पाहा. 2010 सालच्या डार्क सनने आपला काळ टायर नुकतेच मुक्त झाले त्या क्षणावर नेऊन ठेवला. मंगूस या प्रकाशनसंस्थेने 2008 साली 'ट्रॅव्हलर' पुन्हा काढला तेव्हा सम्राटाच्या हत्येपूर्वीचे 1105 हे साल पसंत केले. आणि 2024 चे ग्रेहॉक पुन्हा 576 मध्येच उभे आहे. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या नियमावल्यांसाठी काम करणारे लेखक एकाच निर्णयाप्रत यावेत, याचे कारण केवळ स्मरणरंजन नव्हे. जुन्या खेळाडूची तक्रार अशी की, माझ्या टेबलावरील चाळीस वर्षांची वहिवाट प्रकाशकाने रद्द ठरवू नये. नव्याची अशी की, चाळीस वर्षांचे दप्तर वाचल्याखेरीज खेळास बसता येणार नाही अशी अट नसावी. आरंभीच्या सालाकडे परतल्याने दोन्ही तक्रारी एकदमच निकालात निघतात.

परंतु मोकळी जागा ठेवणे आणि हात आखडता घेणे यांत फरक आहे. 2022 च्या स्पेलजॅमरने 64 पानांची तीन पुस्तके दिली. तथापि अवकाशात तरंगणाऱ्या जहाजांचा खेळ असूनही जहाजांच्या परस्परांतील लढाईस व प्रवासास पुरेसे नियमच नाहीत, अशी टीका त्यावर झाली, आणि आमच्या मते ती रास्त होती. कोरा हेक्स भरण्यासाठी भेटींची, अफवांची व हवामानाची कोष्टके हाती असतील तरच तो डीएमला आमंत्रण वाटतो, एरवी तो निव्वळ बेगार ठरतो.

इतिहास पुढे नेऊच नये असा मात्र आमचा आग्रह नाही. ग्रेग स्टॅफर्ड यांचे ग्लोरांथा हे जग 1975 पासून सतत वाढत आले आहे, आणि त्यात खेळले जाणारे 2018 चे 'रूनक्वेस्ट' आपले साल पूर्वीच्या खेळाहून पुढे, 1625 वर नेते. तरीही नवखा खेळाडू त्यात बुडत नाही, कारण पात्र घडवितानाच तो आजी-आजोबांचे व आई-वडिलांचे आयुष्य फाशांनी ठरवितो: कोण कोणत्या लढाईत होते, कोण तेथेच पडले, कोणाचे वैर वारशाने आले. त्यातूनच पात्राची कौशल्ये वाढतात आणि निष्ठा व द्वेष अंगी येतात. इतिहास वाचण्याऐवजी कमावला जातो, आणि मग तो कितीही लांब असला तरी जड होत नाही.

वारशाबरोबर कर्जही येते, हेही प्रकाशकांनी विसरू नये. रेव्हनलॉफ्टमधील व्हिस्तानी लोकांचे चित्रण रोमा समाजाविषयीच्या पूर्वग्रहांवर बेतलेले होते, व त्यात 2020 पासून फेरफार करावे लागले. 1975 च्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'चे जनक प्राध्यापक बार्कर यांनी टोपणनावाने ज्यूद्वेष्टी कादंबरी लिहिली होती, ही गोष्ट त्यांच्या जगाचा कारभार पाहणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने 2022 साली जाहीरपणे मान्य केली. आणि दोष जुन्याच मजकुरात असतो असेही नाही: स्पेलजॅमरमधील हॅडोझी या वानरसदृश जमातीची गुलामगिरीची जी पूर्वकथा प्रकाशकाला क्षमायाचनेसह मागे घ्यावी लागली, ती नव्या आवृत्तीसाठीच लिहिली गेली होती.

मालकीचा प्रश्न उरतो. 2000 सालच्या ओपन गेम लायसन्सच्या सनदेमुळे 2006 साली 'ऑस्रिक' ही नियमावली निघू शकली आणि जुन्या नियमांची वाट सर्वांस खुली झाली. 2023 साली पाचव्या आवृत्तीचा नियमसंदर्भ क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आला. ही मोकळीक नियमांपुरती आहे. ग्रेहॉक वा अथास ही नावे व त्यांचा भूगोल मालकाच्याच ताब्यात राहतात. म्हणून स्वतंत्र लेखकाने जुने जग उचलण्यापेक्षा त्याची रचना उचलावी, हे कायद्याच्या दृष्टीनेही श्रेयस्कर आणि कलेच्या दृष्टीनेही.

पुनरुज्जीवित वा त्या वळणाच्या सेटिंगचे जे हस्तलिखित यापुढे या मासिकाकडे येईल, त्याच्या पहिल्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरे असावीत अशी आमची अपेक्षा राहील: खेळ कोणत्या सालात सुरू होतो व तेच साल का, कोणत्या गोष्टी लेखकाने जाणूनबुजून ठरविलेल्या नाहीत, आणि त्या टेबलावर ठरविण्यासाठी डीएमच्या हाती कोणती साधने दिली आहेत. ज्यास ही उत्तरे एका पानात देता येत नाहीत, त्याने पुढची दोनशे पाने अजून लिहू नयेत.