विचारले एक, सांगितले भलतेच!

दुपारची वेळ. झाडाच्या सावलीत एक कोळी नवरा-बायको जेवायला बसले आहेत. जेवण म्हणजे उकडलेली केळी आणि वाटीत मीठ घातलेला आंबट शिरका. केळ्याचा तुकडा शिरक्यात बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. इतक्यात दोन स्पॅनिश शिपाई तिथे आले. त्यांनी आपल्या भाषेत विचारले, ‘‘या गावाचे नाव काय?’’ बिचाऱ्या नवऱ्याला स्पॅनिशचे अक्षरही कळेना. ‘काय करता आहात?’ असे साहेब विचारत असावेत, असे वाटून तो म्हणाला, ‘‘तोस्लोब.’’ म्हणजे ‘बुडवतो आहे’. शिपायांनी तेच गावाचे नाव समजून लिहून घेतले. तोस्लोबचे पुढे झाले ओस्लोब!

फिलिपिन्समधील सेबू बेटाच्या दक्षिण भागातल्या ओस्लोब गावात ही कथा आजही हसतहसत सांगितली जाते. अर्थात ही लोककथा. तिला इतिहास म्हणता येणार नाही. अशाच गोष्टी त्या देशात इतरही नावांच्या सांगतात. लुझॉन या सर्वांत मोठ्या बेटाचे नाव म्हणे भात कांडायच्या उखळावरून, ‘लुसोंग’वरून पडले.

परंतु या गमतीत एक कडवट सत्य दडलेले आहे. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनने या बेटांवर राज्य केले. राज्यकर्ता विचारी, प्रजा घाबरत उत्तर देई आणि साहेबाला जे ऐकू येई तेच दप्तरात उतरे. गावकऱ्यांना वर्षातले ४० दिवस वेठबिगार करावी लागे. १८८४ मध्ये ते १५ दिवसांवर आले. ओस्लोबच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली शिपायांची बराक आजही उभी आहे, छपराविना. ती पुरी होण्याआधीच स्पॅनिश राजवट संपली. राज्य गेले, नाव मात्र राहिले.

आता तिथे वेगळेच पाहुणे येतात. ओस्लोबच्या तान-आवान वस्तीतले कोळी होडीतून बारीक कोळंबी पाण्यात टाकतात आणि ती खायला अंगभर ठिपके असलेले अजस्र, पण निरुपद्रवी व्हेल शार्क अगदी होडीजवळ येतात. २०११ पासून हे पाहायला पर्यटकांची रीघ लागली. ज्या घरांची चूल जाळ्यात सापडेल त्या मासळीवर पेटायची, त्यांना बारमाही मिळकत झाली. मुले शिकू लागली, घरे पक्की झाली.

शास्त्रज्ञांना मात्र हे पटत नाही. आयते खाणे मिळाल्यामुळे काही मासे आपला नेहमीचा प्रवास सोडून महिनोन्महिने तिथेच रेंगाळतात, होड्यांना बुजेनासे होतात आणि अंगावर जखमा करून घेतात, असे त्यांचे म्हणणे. त्याच देशातल्या दोन्सोल गावी पर्यटक व्हेल शार्क पाहतात, पण तिथे त्यांना खाऊ घालत नाहीत.

खाऊ घालणे थांबवावे, तर कोळ्यांच्या पोटाचे काय? चालू ठेवावे, तर माशांचे काय? दोन्ही प्रश्न खरे आहेत. बाहेरून येणारा पुन्हा प्रश्न विचारतो आहे आणि ओस्लोबचा कोळी पुन्हा उत्तर देतो आहे. पहिल्या वेळच्या गैरसमजातून गावाला नाव मिळाले. या वेळी त्याची किंमत गावाला आणि समुद्राला, दोघांनाही मोजावी लागेल. म्हणून निदान आता तरी दोघांनी एकमेकांचे बोलणे नीट ऐकून घ्यायला हवे.