झीज कुणाच्या खात्यावर?

वॉरंटी म्हणजे हमी, असे शब्दकोश सांगतात. शब्दकोश लिहिणाऱ्यांकडे मोटार नसावी. आम्हा बँकवाल्यांच्या जगात हमी म्हणजे काय ते स्पष्ट आहे. कर्जदाराने हप्ते थकवले की हमीदाराच्या दारात जाऊन उभे राहायचे. मोटारीच्या व्यवहारात हमीदार दार लावून घेतो आणि आतून एकच शब्द उच्चारतो, "झीज!"

आमच्या गाडीने चौदा महिन्यांत अकरा हजार किलोमीटर कापले आणि गतिरोधक आला की पुढून 'खडक्‌ खडक्‌' व्हायला लागले. "अहो, डिकीत सांडशी राहिलीय का?" हे सौभाग्यवतींचे निदान. सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या मुलाने मात्र, शोकसभेत बोलतात तसा आवाज खाली आणून सांगितले, "सर, लोअर आर्मचे बुश गेलेत. लिंक रॉडसुद्धा."

"वॉरंटीत होईल ना?"

"नाही सर. वेअर अँड टेअर. मजुरी धरून सात हजार चारशे."

आता हा बुश म्हणजे काय? लोखंडी आर्म आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसवलेला रबराचा तुकडा. काउंटर आणि मॅनेजर यांच्यामध्ये बसवलेल्या हेडक्लार्कसारखे दोन्हीकडचे धक्के सोसायचे, हे त्याचे काम. तो कधीतरी झिजणार हे मलाही कळते. ऐंशी हजार किलोमीटर घाटरस्ते तुडवून कुणी फुकटात नवे बुश मागायला गेला, तर त्याला चहासुद्धा देऊ नये. पण चौदा महिन्यांत रबराला भेगा पडल्या तर ती झीज, की मुळात रबरच कच्चे? माझे भांडण एवढेच आहे. माल किंवा जडणघडण सदोष असेल तर भाग बदलून देऊ, असे पुस्तिकेचे पान दोन म्हणते. रबरी भाग आणि नैसर्गिक झीज वगळून, असे पान नऊ म्हणते, तेही अशा टाइपात की भिंगच लागावे. आणि दोष कुठला, झीज कुठली, हे ठरवणार कोण? ज्याच्या खिशातून पैसे जायचे आहेत तोच! कर्ज थकलेय की नाही हे कर्जदारानेच ठरवायचे, असा नियम उद्या निघाला तर आमच्या शाखेत एकही खाते थकायचे नाही.

शॉकअपमधून तेल गळले तर सहसा बदलून देतात म्हणे. तेल डोळ्यांना दिसते ना! बिचारा बुश आतल्या आत फाटतो.

"आपले रस्तेच तसे आहेत, सर," हे त्यांचे दुसरे शस्त्र. अहो, मग गाडी कुठल्या रस्त्यांसाठी विकलीत? जाहिरातीत तीच गाडी नदीनाले ओलांडून डोंगर चढते. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ती धबधब्याखाली उभी आहे. आम्ही फक्त भाजी मंडईपर्यंत नेली.

मी कॉमर्सचा पदवीधर. झिजेला आमच्यात घसारा म्हणतात, आणि तो एका दिवसात शंभर टक्के लावत नाहीत. विमा कंपन्या फार मायाळू म्हणून प्रसिद्ध नाहीत, पण अपघाताच्या दाव्यात त्याही रबरी भागांवर ५० टक्केच कापतात, आणि लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : दुसऱ्या वर्षात १० टक्के, तिसऱ्यात १५. टायर घ्या. रस्त्याला थेट घासणारी वस्तू! तरी त्यात बनावटीचा दोष निघाला तर टायरवाले उरलेली नक्षी मोजतात आणि तेवढी रक्कम वजा करून नवा टायर देतात. बॅटरीवालेही उरलेल्या महिन्यांचा हिशेब करतात. मग बुशवरच हा अन्याय का?

रांगेत उभे राहायची तयारी असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे : आवाजाची तक्रार मुदतीतच जॉब कार्डावर लिहून घ्यावी, नकार कलमासकट लेखी मागावा आणि काढलेला बुश पिशवीत घालून घरी आणावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. भंगारात गेलेला बुश काय साक्ष देणार? तक्रारीला मुदत २ वर्षांची. फी म्हणाल तर ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये.

पण सात हजारांसाठी रजा टाकून आयोगाच्या पायऱ्या कोण चढतो? कंपनीला हे पक्के ठाऊक आहे. म्हणून मागणी कंपनीकडेच. कुठला भाग किती किलोमीटर टिकायला हवा, त्याआधी गेला तर तुमचा वाटा किती, आमचा किती, याचा तक्ता पुस्तिकेत छापा. चार ओळींचा मजकूर आहे. जागा नसेल तर तो धबधबा काढा.